मांडवातले गप्प लोक

२ एप्रिल, बुधवार

ईदचा शीरखुर्मा अजून फ्रीजमध्ये आहे आणि आज घरात दुसरी ईद झाली. हैदराबादच्या कंपनीचं उत्तर आलं. मांडवाचं नाव, त्याची खूण, त्याची नेटवरची जागा, सगळं त्यांनी सोडून दिलं. कुलूप घातलं नाही. गेले दोन महिने तहसीन म्हणत होती, "अब्बा, त्यांनी कुलूप घातलं तं?" आणि मी काही न समजता म्हणायचो, "नाही घालणार गं." आज ते खरं निघालं म्हणून मी उगाच ऐटीत फिरतोय.

पुढे मागे ही वही मीच वाचेन तेव्हा विसरलेलो असेन, म्हणून लिहून ठेवतो. मांडव म्हणजे माझ्या लेकीने बांधलेला सामानाचा संच. संगणकावर कोणाला काही प्रोग्रॅम करायचा असेल तर त्याला खिडकी लागते, बटण लागतं, उभ्या-आडव्या ओळींचा तक्ता लागतो. ते दर वेळी नव्याने कोण घडवणार? मांडवात ते आयतं मिळतं. फुकट घ्या, उघडून पाहा, आपल्या सोयीने बदला. कंपनीत असताना तिने सुरू केला, कंपनीचा रस संपला, तिने नोकरी सोडली. आता ती सकाळी इथे चंद्रपूरला पॉलिटेक्निकात शिकवते आणि उरलेला दिवस मांडवाला देते.

नाव मी सुचवलेलं. तेव्हा दोन ओळीही केल्या होत्या:

एक खांब तुझा, एक खांब माझा,
सावलीत बसू, कोण इथे राजा?

तहसीनने त्या मांडवाच्या पहिल्या पानावर टाकल्या आहेत. त्या पोर्तुगालच्या कोणा बाईने म्हणे आपल्या भाषेत करून घेतल्या. पस्तीस वर्षं मुलांना चालीवर कविता म्हणायला लावल्या, पण माझी स्वतःची गेली ती एकदम पोर्तुगालला.

६ एप्रिल, रविवार

रहमतबी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती, तहसीन तिथेच मांडी घालून लॅपटॉपवर. मी पेपर वाचल्यासारखं करत होतो.

तहसीन म्हणाली, मांडव आता कोणा एकाचा ठेवायचा नाही. ज्यांनी तो वापरलाय त्यांनीच तो चालवायचा. एकेक भाग एकेकाने सांभाळायचा. पावसाळ्यापर्यंत भार उचलायला चार माणसं नाही मिळाली तर ती मांडव उतरवून ठेवणार.

"पण लोक बोलतच नाई, अब्बा. शेकडो लोक वापरतात, बोलतात चार-पाच. म्हणून नियम केला. कोणतीबी गोष्ट सगळ्याइले लिहून कळवायची. आठ दिवस थांबायचं. हरकत नाई आली तं मंजूर."

"आणि जो गप्प बसला तो?"

"तो राजी धरायचा."

रहमतबीचा अडकित्ता थांबला. "मंग तुह्या अब्बाच्या संसारात मी चाळीस वर्सं राजीच हाओ म्हनायची."

हसलो सगळे. मला मात्र नंतर वर्ग आठवला. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणत असला की ओठ न हलवणारा एक तरी असायचाच. त्याच्याजवळ जाऊन वाकावं लागायचं. पुष्कळदा त्याला कविता सगळ्यांत चांगली येत असायची, फक्त गर्दीत म्हणायची नसायची.

हे तिला सांगायला हवं होतं का? राहिलं. बरोबर आहे, तिचं क्षेत्र वेगळं.

खरं म्हणजे या वहीत लिहायला हरकत नाही: मला हे वाटून देणंच पसंत नाही. मुलीने पोटच्यासारखं वाढवलेलं. उद्या चार लोकांनी उचललं तर तिच्याजवळ राहील काय? तिची हैदराबादची मैत्रीण दर आठवड्याला फोन करते, "ये, इथे राहा, मस्त काम मिळेल." मांडव आहे म्हणून तहसीन तिला टाळू शकते. पण हा मुद्दा वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिली गोष्ट नव्या नियमाने मंजूर झाली. मांडवातला जुना तक्ता काढायचा. त्याची दुरुस्ती करायला कोणी नाही, नवा तक्ता तयार आहे. आठ दिवस झाले, एकही हरकत नाही.

मांडवातले मराठी शब्द मी पाहतो म्हणून ते पत्र मलाही आलं होतं. (रद्द करायच्या बटणावर मी 'राहू द्या' लिहिलंय आणि थांबायला सांगायचं तिथे 'येतंय, थांबा'. तहसीन म्हणते बटणाला एवढी जागा नसते. मी म्हणतो माणसासारखं बोलायला थोडी जागा लागतेच.) मी उत्तर दिलं नाही. मांडवाबद्दलच मन साशंक, त्यात तक्त्याचं काय बोलणार?

तहसीनची तब्येत उन्हाने बिघडली आहे. आज पोळीचा तुकडा हातात धरून बसल्या बसल्याच डोळा लागला. काल बोलता बोलता विसरली काय सांगत होती ते. डॉक्टरांनी गोळी दिली आहे. चंद्रपूरचं ऊनच तसं, लोखंड वितळेल. मी तिला वाळ्याचं पाणी प्यायला सांगितलं.

रहमतबी म्हणाली, "ऊन नोका सांगू. हे ऊन ती लहानपनापासून खाऊन राह्यली."

२२ एप्रिल, मंगळवार

फोन धानोऱ्याकडून आला. चिंचटोल्याहून. मी नोकरीची सुरुवात केली ते गाव. तिथल्या ग्रामसभेचं संगणकाचं काम रीना नावाची मुलगी पाहते. जंगल राखणीच्या पाळ्या लावायचा प्रोग्रॅम तिने स्वतः मांडवावर उभा केला आहे: कोणत्या घराने कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला फिरायचं. पूर्वी तिथे काठी फिरायची. ज्याच्या दारात काठी, त्याची पाळी. पण जंगल गावाच्या नावावर झालं, हद्द वाढली, वस्तीचे टोले तीन झाले, आणि एका काठीने भागेना.

गेल्या आठवड्यात नवा मांडव तिच्या संगणकावर आपोआप चढला आणि तक्ता गेला. पान पांढरंफटक. वरच्या टोल्याला वाटलं पाळी खालच्यांची, खालच्यांना वाटलं वरच्यांची. परवा डोंगराच्या अंगाला कोणीच नव्हतं. कोणीतरी मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवला होता, फुलं वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून. वारा सुटला.

माणसं सगळी सुखरूप. दुपारपर्यंत गावाने पळसाच्या डहाळ्यांनी बडवून बडवून आग विझवली. बांबूची एक बाजू जळाली आणि गावातल्या बुधरीबाईच्या मोहाचं खोड करपलं.

तहसीनने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "मी काढला तो तक्ता, अब्बा."

मी म्हटलं, "तू आठ दिवस विचारलं होतंस ना."

"हो ना," ती म्हणाली. "विचारलं होतं."

कोणी मेलं नाही, या एका गोष्टीला धरून झोपायला चाललो आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

पहाटेच्या एस.टी.ने निघालो, गडचिरोलीला गाडी बदलली. तहसीनला माफी तोंडावर मागायची होती. मी सोबत गेलो, कारण रस्ता माझा. मोहाचा वास खिडकीतून आला आणि मी पंचविशीचा झालो. काय काय आठवलं, ते राहू द्या.

गोटुलात, म्हणजे गावाच्या सभेच्या घरात, माणसं जमली होती. पुढे कोलू. माझ्या पहिल्या वर्गातला कोलू. आता त्याचे केस माझ्याहून पांढरे. पायाशी वाकायला लागला, मी धरला.

तहसीन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "चूक माही हाय. आग माह्यामुळं लागली."

"आग पाल्यानं लागली," बुधरीबाई म्हणाली. ती बसल्या जागेवरून टोपली विणत होती. "बस, बाई. उभ्यानं रडू नोको."

मग तहसीनने रीनाला विचारलं, आणि तिच्या आवाजात किंचित तक्रारही होती. "तुले माहं पत्र नव्हतं भेटलं का, रीना? तक्ता काढून राह्यलो म्हणून?"

"भेटलं होतं."

"वाचलं?"

"दोनदा वाचलं. मले पसंत नव्हतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

रीनाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तहसीननेच काहीतरी विचित्र विचारलं. "तुमी विचारलं कुठी? मी गप्प बसली होती नं. वाट पाहून राह्यली होती तुमी कधी विचारता म्हणून."

गोटुलात कोणी हसलं नाही, कारण तिथे कोणालाच ते नवल वाटलं नाही. कोलूने समजावून सांगितलं. त्यांच्या सभेत पटलं नाही तर माणूस गप्प बसतो. भांडत नाही. मग सभा त्याच्याकडे वळते, नाव घेऊन विचारते, तुझ्या मनात काय आहे? त्याने सांगायचं. नाही पटलं तर गोष्ट पुढच्या सभेला. पुन्हा नाही पटलं तर त्याच्या पुढच्या.

"असं केलं तं काम कधी होते?" तहसीनने विचारलं.

"उशिरा होते," कोलू म्हणाला. "पन मंग मोडत नाई."

"मोडते कधी कधी," बुधरीबाई टोपलीतून मान वर न करता म्हणाली. "हा उगा फुशारकी मारते."

तहसीनने तिथेच पंख्याखाली बसून रीनाच्या संगणकावर जुना तक्ता परत बसवला. पाळ्या दिसू लागल्या तशी बाहेरच्या पोरांनी आरडाओरडा केला. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "अब्बा, माह्या यादीतले सगळे लोक गप्प हायेत. मी त्याइले राजी समजून बसली."

मग धानोऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत माझ्या खांद्यावर झोपली. खांदा आखडला, पण मी हललो नाही. किती हलकं वाटलं सांगू!

२७ एप्रिल, रविवार

मांडवाची सभा. तहसीनने ती चिंचटोल्यातूनच घ्यायची ठरवली. आम्ही पुन्हा तिथे, बाकीचे पडद्यावर. संध्याकाळी चारची वेळ, म्हणजे ऊर्जानगरच्या प्रवीणची पाळी सुटलेली आणि पोर्तुगालच्या बाईंची सकाळ. प्रवीण वीज केंद्रात काम करतो, मांडवावर कंपनीच्या बसांचं वेळापत्रक केलंय त्याने. दोन वर्षांपासून वापरतो, तहसीनला त्याचं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं.

या वेळी तहसीन म्हणाली नाही की हरकत असेल तर बोला. तिने एकेकाचं नाव घेतलं. पडद्यावर पन्नासेक चौकोन होते. आधी लोक बुजले. मग एक बोलला, मग दुसरा.

"प्रवीणभाऊ, तुमचं काय म्हणणं?"

"मॅडम, मले तं वाटत होतं तुमच्यापाशी मोठी टीम असंन. आपन काय बोलाव. तक्त्याचं काम मी दोन वर्सांपासून घरी करूनच राह्यलो. माह्यापाशी दुरुस्त केलेला पडला हाय."

"दोन वर्सं? मंग दिला काऊन नाई?"

"कोनी मागतलाच नाई."

गोटुलातल्या बाया फिदीफिदी हसल्या. तहसीनने कपाळाला हात लावला. प्रवीणने तक्ता घेतला. पोर्तुगालच्या बाईने खिडक्या घेतल्या. केरळच्या एका मास्तराने बटणं. रीनाने नव्या माणसांना शिकवायचं काम स्वतःहून मागितलं नाही, पण विचारल्यावर लगेच घेतलं. चार खांब झाले! नियमही बदलला: गप्प म्हणजे राजी नाही. काहीही काढण्याआधी ते वापरणाऱ्याला नावाने विचारायचं.

सगळं ठरलं असं मला वाटलं. मी चप्पल शोधू लागलो.

कोलू म्हणाला, "एक मानूस राह्यला. मराठी बोल कोन लिहिते?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गोटुलातले आणि पडद्यातलेही.

"गुरुजी, तुमी मले बाकावर उभं करत होते. आज तुमची पाळी. सांगा, तुमच्या मनात का हाय?"

मी म्हणणार होतो, छान आहे, चालू द्या. तोंडातून निघालं ते भलतंच. "मांडव तहसीनने बांधला. तो असा वाटून घेतला तर तिच्यापाशी काय राहील?"

तहसीन म्हणाली, "झोप राहील, अब्बा."

सगळे एवढे हसले की पडद्यावरही कोणीतरी हसताना खुर्चीवरून वाकलं. मीसुद्धा हसलो. पण बुधरीबाई हसली नाही. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरचं उत्तर नाई भेटलं. हसून गेलं ते. आज ठरलं नाई. पुढच्या इतवारी."

आणि खरंच ठरलं नाही! पोर्तुगाल, केरळ, ऊर्जानगर, सगळे माझ्यापायी थांबले. परतीच्या गाडीत तहसीन माझ्याशेजारी बसली. रागावली नव्हती. खिडकीबाहेर पाहत होती.

३० एप्रिल, बुधवार

घरी आल्यापासून रहमतबी भांडी जरा जोरात ठेवते. आज बोललीच.

"पोरीच्या मांडवाची एवढी फिकर हाय तुमाले. का दुसऱ्याच कशाची हाय?"

"दुसरं काय असणार?"

"मले का मालूम. तुमीच वहीत लिहिता."

तिला यातलं तांत्रिक काही कळत नाही. मी सोडून दिलं.

तहसीनला परीक्षेची ड्यूटी होती. जाताना म्हणाली, आलेली पत्रं जरा पाहून ठेवाल का, काही तातडीचं असलं तर फोन करा. मी चष्मा लावून बसलो. एक उघडलं, तोवर दुसरं आलं. बटण दबत नाही. अक्षर तुटतं. तुम्ही कधी पाहाल? तुम्ही पाहिलं का? तहसीन, तहसीन, तहसीन. काही गोड, काही उर्मट. एक जण रागावला होता की परवाच्या पत्राला उत्तर नाही. दुपारी मी चष्मा काढून ठेवला. वर्गात साठ मुलं असायची, पण मी एका वेळी एकालाच बोलू द्यायचो. हिला सगळा वर्ग एकदम हाका मारतो, आणि पाच वर्षांपासून मधली सुट्टी झालेली नाही.

ती आली तेव्हा मी विचारलं, "हे रोज असंच असतं?"

"आज कमी होते."

मग ऊन नव्हतंच ते.

४ मे, रविवार

या वेळी चिंचटोल्याला गेलो नाही. आठवडाभरात तेंदूपत्ता तोडायचा हंगाम लागेल, गावाला फुरसत नाही. फोनवरच. पडद्याच्या एका चौकोनात कोलू आणि बुधरीबाई दोघं दाटीवाटीने बसलेले, बुधरीबाईचा अर्धाच चेहरा दिसत होता.

तहसीनने मला सगळ्यांत आधी विचारलं. नाव घेऊन. बाबूभाई शेख, मराठी.

मी उभा राहिलो. बसून बोललो असतो तरी चाललं असतं, पण सवय. म्हटलं, "गेल्या खेपेला मी विचारलं ते मांडवाबद्दल नव्हतं. मला वाटत होतं की मांडव गेला तर तीही जाईल. हे माझ्या मनात होतं. आता मी राजी आहे. मांडव सगळ्यांचा."

पोर्तुगालच्या बाईला तहसीनने इंग्रजीत सांगितलं. सांगताना मध्ये थांबली, पाणी प्याली, मग पुढचं सांगितलं. त्या बाईने दोन्ही हात छातीवर ठेवले.

"आता ठरलं," बुधरीबाईचा अर्धा चेहरा म्हणाला.

"आन तुमचं मोहाचं झाड, बाई?" मी विचारलं.

"करपलं हाय, मेलं नाई. एका बाजूनं पालवी फुटली. तुमी पुढच्या साली या, फुलं खाऊन जाजा."

लोणच्याची बरणी हाताशी घेऊन बसलेली रहमतबी माझ्याकडे पाहत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काई नाई. चाळीस वर्सांत पैल्यांदा."

पहिल्यांदा काय, ते सांगितलं नाही. विचारायला हवं होतं, नाव घेऊन.

११ मे, रविवार

नऊ वाजून गेले, तहसीन उठलेली नाही. दार अर्धं उघडं आहे, पंखा फिरतोय, पांघरूण पायाशी. आजारी नाही. मी दोनदा जाऊन श्वास पाहून आलो. रहमतबीने कुकरवर शिटीच ठेवली नाही आणि डाळ पातेल्यात शिजवत बसली. "तासभर लागला तं लागू दे," म्हणते.

टेबलावर लॅपटॉपने टिंग केलं. मी धावत गेलो, आवाज बंद करायला. कोणीतरी तक्त्याबद्दल विचारलं होतं. मी वाचेपर्यंत खाली उत्तर आलेलं: ऊर्जानगरच्या प्रवीणने, रात्रपाळीवरून येऊन, अंघोळीच्याही आधी बहुतेक. मग आणखी एक प्रश्न. त्याला केरळच्या मास्तराचं उत्तर. मी खुर्ची ओढून बसलो आणि नुसतं पाहत राहिलो. कुणीही तहसीन म्हटलं नाही.

कोरपन्याचा कोणी सुनिल म्हणून मराठी मांडव वापरतो असं यादीत दिसलं. कधी अक्षर लिहिलेलं नाही त्याने. मी त्याला पत्र लिहिलं: "सुनिलभाऊ, 'राहू द्या' हे बटणावर फार लांब होतं का? तुमचं काय म्हणणं?" पाठवून दिलं. शाळेत वही तपासून परत देताना वाटायचं तसं वाटलं.

रहमतबी डाळीत पळी फिरवत म्हणाली, "हैदराबादची ते मैत्रीन बोलावून राह्यली हाय तिले. पंधरा रोज राहून ये म्हन्ते. पोरीनं मले इचारलं, तुमाले इचारायची हिंमत नाई झाली."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. समोरच्या कडुनिंबाला कोवळी पानं आली आहेत, उन्हात नुसती चमकतायत. यावर एक ओळ सुचत होती.

"गप्प काऊन बसले?" ती म्हणाली. "तुमच्या चिंचटोल्याच्या हिशोबानं इचारते. मनात का हाय?"

"परतीचं तिकीट काढलंय का?"

"काढलं हाय."

"मग राजी."

आतून तहसीनने कूस बदलल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही जागच्या जागी थबकलो. ती उठली नाही. पुन्हा तोच श्वास, लांब, संथ. रहमतबीने गॅस आणखी बारीक केला.